शालेय गणवेश आणि विद्यार्थ्यांचे मत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा उघडण्याच्या सुमारास गणवेशाविषयी पालक बोलतात, मुख्याध्यापक बोलतात, दुकानदारही बोलतात. तो गणवेश रोज सहा-सात तास अंगावर वागवणारी मुले मात्र या बोलण्यात क्वचितच असतात. शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य, शिक्षक आणि पालक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे घेतले असून उत्तरे शक्यतो विद्यार्थ्यांच्या बाजूने दिली आहेत. संदर्भ मुख्यतः महाराष्ट्रातील शाळांचा आहे. कर्नाटक, केरळ आणि उत्तर प्रदेश यांचा उल्लेख जेथे विषयाला खरोखर लागतो तेथेच केला आहे.

विद्यार्थ्यांना गणवेश हवा असतो की नको असतो?

प्रश्न असा सरळ विचारला, की उत्तर विचारणाऱ्याच्या मनासारखे मिळते. शिक्षकांनी वर्गात उभे राहून ‘गणवेश हवा ना?’ असे विचारले तर सगळा वर्ग एका सुरात ‘हो सर’ म्हणतो, आणि तोच विषय वक्तृत्व स्पर्धेला दिला तर गणवेशाच्या सक्तीवर तुटून पडणारा विद्यार्थी टाळ्या घेऊन जातो. यांपैकी कोणतेही उत्तर मुलांचे मत म्हणून धरू नये.

सवडीने आणि एकेकट्याशी बोलल्यावर असे आढळते, की बहुतेक मुलांची गणवेश असण्याबद्दल फारशी तक्रार नसते. सकाळी काय घालावे हा विचार करावा लागत नाही, सहलीच्या गर्दीत आपली शाळा ओळखू येते आणि घरी चांगले कपडे दोनच असले तरी ते कोणाला कळत नाही, ही कारणे मुले आपणहून सांगतात. तक्रार असते ती कापडाची, मापाची, आणि नियम मोडल्यावर मिळणाऱ्या वागणुकीची. त्यामुळे ‘हवा की नको’ असा कौल घेण्यात वेळ घालवण्यापेक्षा ‘यातले काय टोचते’ हे विचारणे अधिक उपयोगी ठरते.

वयाप्रमाणे मत बदलते, हेही लक्षात घ्यावे. पहिली-दुसरीतल्या मुलाला नव्या गणवेशाचे इतके अप्रूप असते, की तो घरी आल्यावरही काढत नाही. आठवी-नववीतली मुले मात्र शिंप्याकडे जाऊन पँटची मोहरी कमी करून आणतात, शर्ट आखूड करवून घेतात, बाह्या एक घडी जास्त दुमडतात. शाळा याला बेशिस्त म्हणते, पण त्या वयात आपल्या हाती असलेली निवडीची जागा तेवढीच असते आणि मुले ती वापरतात, एवढाच त्याचा अर्थ आहे. वाढदिवसाला रंगीत कपडे घालून येण्याची मुभा अनेक शाळांत असते. त्या एका दिवसाची तयारी मुले किती आधीपासून करतात हे पाहिले, तरी उरलेल्या दिवसांबद्दल त्यांना काय वाटते याचा अंदाज येतो.

मग नेमक्या तक्रारी कोणत्या असतात?

पहिली तक्रार कापडाची. स्वस्त, टिकाऊ आणि इस्त्रीविना चालणारे म्हणून टेरिकॉट किंवा तत्सम कृत्रिम धाग्याचे कापड निवडले जाते. निवडणाऱ्या मोठ्यांना ते धुवायला सोपे वाटते. पण पत्र्याच्या छपराखाली, पंखा बंद असताना, मार्च-एप्रिलच्या दुपारी ते घालून बसण्याचा अनुभव त्यांच्या वाट्याला येत नाही. नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात आणि कोकणातल्या दमट हवेत एकच कापड योग्य ठरू शकत नाही, हे सांगायला वस्त्रतज्ज्ञ लागत नाही.

दुसरी तक्रार पावसाळ्याची. शाळा नेमकी जूनमध्ये सुरू होते आणि गणवेशाचे बूट मात्र काळे बंद किंवा पांढरे कॅनव्हासचे असतात. भिजलेला कॅनव्हासचा बूट दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाळत नाही. ओला बूट घालून यावे तर पायाला चिखल्या होतात आणि चपला घालून यावे तर परिपाठाला वेगळ्या रांगेत उभे राहावे लागते. जून ते सप्टेंबर सँडलला परवानगी देण्यासाठी शाळेला एक साधी सूचना काढावी लागते, पैसा लागत नाही; तरीही ही सूचना काढणाऱ्या शाळा थोड्याच आहेत.

तिसरी तक्रार खिशाची आहे आणि ती जवळजवळ पूर्णपणे मुलींची आहे. मुलांच्या पँटला दोन खिसे आणि शर्टाला एक असतो. मुलींच्या सलवार-कमीजला बहुधा एकही नसतो, त्यामुळे रुमाल, बसचा पास, सुटे पैसे आणि गरज पडेल तेव्हा सॅनिटरी पॅड हे सर्व हातात किंवा दप्तरात ठेवावे लागते. पॅड घेण्यासाठी भर वर्गात दप्तर उघडावे लागते, हे मुली शिक्षकांना सांगत नाहीत. शिक्षिकांनी वेगळे विचारले तर सांगतात.

टाय, बेल्ट आणि आयकार्ड यांबद्दल मुले बोलतात ते बहुधा हसण्यावारी. आपल्या हवेत टाय का लागतो, याचे पटणारे उत्तर मोठ्यांकडेही नाही.

‘एक राज्य, एक गणवेश’ योजनेत विद्यार्थ्यांच्या दृष्टीने काय घडले?

या प्रश्नाला थोडे सविस्तर उत्तर द्यावे लागेल, कारण विद्यार्थ्यांना न विचारता गणवेश ठरवला की काय होते याचे इतके स्पष्ट उदाहरण अलीकडच्या काळात दुसरे नाही.

समग्र शिक्षा योजनेतून शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलींना, तसेच अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुलांना वर्षाला दोन गणवेश मोफत मिळतात. त्यासाठी दोन गणवेशांचे मिळून ६०० रुपये धरलेले आहेत. पूर्वी हा निधी शाळा व्यवस्थापन समितीकडे येत असे. समिती जवळच्या दुकानातून कापड घेई, गावातला किंवा शेजारच्या गावचा शिंपी शाळेत येऊन मापे घेई, आणि एखादा गणवेश तोकडा झालाच तर तो त्याच शिंप्याकडे परत जाई. या पद्धतीतही उशीर होत असे आणि हितसंबंध जपले जात असत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण माप घेणारा हात आणि अंगात घालणारे मूल यांच्यातले अंतर कमी होते.

२०२३ मध्ये तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी राज्यभर एकसारख्या गणवेशाची घोषणा केली. तोवर अनेक शाळांनी कापड घेतलेले असल्यामुळे त्या वर्षी एक गणवेश शाळेच्या पसंतीचा आणि एक राज्याचा, आठवड्यातले तीन-तीन दिवस, अशी तडजोड झाली. याच सुमारास दारिद्र्यरेषेवरील कुटुंबांतील मुलांनाही योजनेत घेण्यात आले. वर्गात काहींना मोफत गणवेश आणि काहींना नाही ही अवघड स्थिती त्यामुळे संपली, याचे श्रेय योजनेला दिलेच पाहिजे.

२०२४-२५ मध्ये कापडाची खरेदी राज्यपातळीवर झाली. एका गणवेशाची शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाशी जोडलेल्या महिला बचत गटांकडे देण्यात आली, तर स्काऊट-गाईडच्या धर्तीवरील दुसऱ्या गणवेशाचे कापड शाळांकडे पाठवून शिलाईसाठी गणवेशामागे १०० रुपये ठरवण्यात आले. या दरात शिवून द्यायला शिंपी तयार होईनात, अशी तक्रार ठिकठिकाणच्या मुख्याध्यापकांनी केली. गणवेश वेळेवर आले नाहीत; पुष्कळ ठिकाणी मुलांनी १५ ऑगस्टचे झेंडावंदन जुन्याच गणवेशात केले. जे आले त्यांतल्या कित्येकांची मापे चुकलेली होती: कुणाच्या शर्टाचे खांदे कोपराकडे उतरलेले, कुणाची पँट गुडघ्यावर अडलेली. बचत गटांतल्या महिलांना दोष देणे सोपे होते, पण ते अन्यायाचे होते. इयत्ता हेच माप धरून कापड कापले गेले असेल, तर शिवणारीने काय करावे? पाचवीच्या एकाच वर्गातली दोन मुले एकमेकांशेजारी उभी केली तरी उंचीत वीतभर फरक सहज दिसतो.

डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून गणवेशाची जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिली. गणवेशाच्या रंगाबद्दल त्या काळात वर्तमानपत्रांतून बराच वाद झाला. मुलांना मात्र आकाशी शर्ट आणि गडद निळी पँट या रंगाचे काही वावडे नव्हते. कपडा अंगाला बसत नाही, हे त्यांचे साधे गाऱ्हाणे होते.

गणवेशामुळे गरीब-श्रीमंत हा भेद मिटतो, हे मुलांना पटते का?

अर्धे पटते. रंगीत कपड्यांपेक्षा गणवेशात हा भेद कमी दिसतो, असे मुले स्वतः सांगतात, आणि ज्यांच्याकडे कपडे कमी असतात ती मुले हे अधिक ठामपणे सांगतात. तथापि गणवेश वाचण्यात मुलांची नजर मोठ्यांपेक्षा फार तयार असते. वाढत्या अंगाचा म्हणून दोन बोटे दुमड ठेवून शिवलेली पँट पुढच्या वर्षी उसवून लांब केली, की जुन्या दुमडीच्या जागी गडद रेघ उरते. मूळचा निळा रंग त्या पट्ट्यात तेवढा टिकलेला असतो. वर्गातल्या मुलांना त्या रेघेवरून गणवेश गेल्या वर्षीचा आहे हे कळते, आणि ती रेघ दोन असतील तर थोरल्या भावाचा आहे हेही कळते. त्याशिवाय बूट, दप्तर, घड्याळ आणि पाण्याची बाटली या गोष्टी गणवेशाच्या बाहेरच राहतात.

मुलींचे म्हणणे वेगळे का असते?

कारण गणवेशाचे नियम त्यांच्यासाठी संख्येने जास्त आणि कारणाने अस्पष्ट असतात. मुलाच्या वाट्याला शर्ट, पँट आणि केस कापणे येते. मुलीच्या वाट्याला स्कर्टची लांबी, ओढणीच्या पिना, दोन वेण्या, रिबिनींचा रंग, कानातल्याचा आकार आणि पैंजणांचा आवाज एवढे सगळे येते. बहुतेक शाळांत खालच्या वर्गांना फ्रॉक किंवा स्कर्ट आणि वरच्या वर्गांना सलवार-कमीज असतो. हा बदल मुलींच्या सोयीसाठी की पाहणाऱ्यांच्या, असा प्रश्न नववीतली मुलगी विचारते तेव्हा तिला उद्धट ठरवून गप्प करण्यात काही मिळत नाही.

पाळीच्या दिवसांत पांढऱ्या किंवा फिक्या रंगाची सलवार ही खरी अडचण आहे. डाग पडेल या धास्तीने मुली तासाला उत्तर द्यायला उठत नाहीत, खेळाच्या तासाला झाडाखाली बसून राहतात आणि काही जणी त्या दिवसांत घरीच थांबतात. गडद रंगाची सलवार हा उपाय इतका सोपा आहे, की तो अजून सर्वत्र झालेला नाही याचेच आश्चर्य वाटावे.

केरळमध्ये या बाबतीत एक पाऊल पुढे टाकले गेले. एर्नाकुलम जिल्ह्यातील वलयनचिरंगरा येथील सरकारी प्राथमिक शाळेने मुलामुलींसाठी शर्ट आणि गुडघ्याखाली येणारी तीन-चतुर्थांश पँट असा सारखाच गणवेश आणला. डिसेंबर २०२१ मध्ये कोझिकोड जिल्ह्यातील बालुश्शेरीच्या मुलींच्या सरकारी उच्च माध्यमिक शाळेने शर्ट-पँट स्वीकारली. काही धार्मिक संघटनांनी विरोध केला. धावायला, सायकल चालवायला, बसमध्ये चढायला सोपे जाते, असे तेथील मुलींचे म्हणणे होते. आपल्याकडे हाच गणवेश जसाच्या तसा आणावा असे नाही. सायकलवरून शाळेला येणाऱ्या मुलींची संख्या महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मोठी आहे, एवढे लक्षात घेऊन त्यांना पँट किंवा सलवार यांतला पर्याय दिला तरी पुरे.

टिकली, मेंदी, बांगड्या, केस यांवरील नियमांबद्दल मुलांना काय वाटते?

मुलांना नियमापेक्षा त्यातली विसंगती अधिक खुपते. हळदी-कुंकवाच्या कार्यक्रमाला नऊवारी नेसून या म्हणणारी शाळा नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी हातावरच्या मेंदीसाठी दंड करते, तेव्हा मुलीला त्यातली शिस्त कळत नाही. मेंदी धुऊन जात नाही. दंड केला तरी ती आपल्या वेळेनेच फिकी होणार असते.

धार्मिक पेहरावाबाबत न्यायालयांनी काय म्हटले आहे?

अंतिम उत्तर अद्याप नाही. वर्गात हिजाब घालण्याच्या वादात कर्नाटक सरकारने ५ फेब्रुवारी २०२२ रोजी काढलेला गणवेशाचा आदेश तेथील उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ रोजी वैध ठरवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १३ ऑक्टोबर २०२२ रोजी दोन न्यायमूर्तींनी भिन्न निकाल दिले: न्या. हेमंत गुप्ता यांनी आदेश कायम ठेवला, तर न्या. सुधांशु धुलिया यांनी तो रद्द ठरवताना मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न अग्रभागी ठेवला.

मुंबईत चेंबूरच्या एका महाविद्यालयातील नऊ विद्यार्थिनींनी हिजाबबंदीला आव्हान दिले होते. मुंबई उच्च न्यायालयाने २६ जून २०२४ रोजी त्यांची याचिका फेटाळली. ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बिल्ला यांवरील बंदीला अंतरिम स्थगिती दिली, वर्गात बुरख्याला मात्र परवानगी दिली नाही. टिळा लावून येणाऱ्यांनाही अडवणार का, असा प्रश्न न्यायालयाने सुनावणीत केला. हे प्रकरण महाविद्यालयाचे आहे, त्यामुळे ते शाळेला जसेच्या तसे लावता येणार नाही. या सर्व खटल्यांत विद्यार्थिनी स्वतः पक्षकार होत्या, आणि ‘विद्यार्थ्यांना मत नसते’ असे मानणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

गणवेश नसल्यास विद्यार्थ्याला शिक्षा करता येते का?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई आहे. मैदानाला फेऱ्या मारायला लावणे, भर परिपाठात नाव घेऊन पुढे बोलावणे, शिक्षकांनी स्वतः कात्री घेऊन केस कापणे हे प्रकार त्यात मोडतात, असे आमचे स्पष्ट मत आहे. वर्गाबाहेर उभे केलेल्या मुलाचा तास बुडतो, आणि गणवेश न घालण्याचे कारण बहुतेक वेळा त्याच्या हाती नसते. एकच जोड आहे आणि तो वाळला नाही, हे कारण मुले लाजेपोटी सांगत नाहीत. ‘विसरलो’ म्हणतात आणि शिक्षा घेतात.

गणवेश ठरावीक दुकानातूनच घ्यावा, अशी सक्ती शाळेला करता येते का?

नाही. तरीही शाळेच्या बोधचिन्हाचे भरतकाम, विशिष्ट चौकडीचे कापड किंवा फक्त एकाच ठिकाणी मिळणारा रंग अशा मार्गांनी सक्ती न म्हणता सक्ती होते. बोधचिन्ह वेगळ्या कापडी पट्टीवर करून पालकांना विकत दिले आणि उरलेला गणवेश बाजारातून घेऊ दिला, तर हा प्रश्न बराच सुटतो. दरवर्षी रंग बदलण्याच्या हौसेवर उत्तर प्रदेशाच्या २०१८ च्या शुल्क नियमन कायद्याने उपाय केला आहे: तेथील खासगी शाळांना सलग पाच शैक्षणिक वर्षांच्या आत गणवेश बदलता येत नाही.

शिक्षकांना ड्रेसकोड आला, त्यावर विद्यार्थ्यांची प्रतिक्रिया काय होती?

मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने शिक्षकांसाठी पेहरावाच्या सूचना काढल्या; जीन्स, टी-शर्ट, गडद रंगाचे आणि नक्षीकाम असलेले कपडे टाळावेत असे त्यांत म्हटले होते. शिक्षकांतून नाराजीचा सूर उमटला. आपल्याला विचारले नाही, कपड्यांवरून शिकवण्याची गुणवत्ता ठरत नाही, हे त्यांचे युक्तिवाद रास्तच होते. मुलांनी ते ऐकले आणि त्यांना ते ओळखीचे वाटले.

अकरावीत गणवेश सुटल्यावर मुलांचे मत बदलते का?

बदलते, आणि ते नेहमी एकाच दिशेने बदलत नाही. बेताच्या आर्थिक परिस्थितीतून आलेल्या मुलांना, विशेषतः तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या महाविद्यालयात नव्याने गेलेल्यांना, पहिल्या दोन-तीन महिन्यांत गणवेशाची आठवण येते. इतरांना तो सुटला याचा निर्भेळ आनंद असतो.

विद्यार्थ्यांनी मत मांडायचे तर कायद्याने त्यांना जागा आहे का?

आहे, पण ती बहुतेकांना माहीत नसते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार स्थापन होणाऱ्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्या लागतात. महाराष्ट्रात या समितीवर दोन विद्यार्थी स्वीकृत सदस्य म्हणून घेतले जातात आणि त्यांत किमान एक मुलगी असते. गणवेशाचा निर्णय आता पुन्हा याच समितीकडे आल्यामुळे या दोन जागांना अर्थ आला आहे. प्रत्यक्षात मात्र त्या जागांवर बहुधा हुशार, नीटनेटकी आणि शिक्षकांच्या विश्वासातली मुले बसवली जातात. बैठकीत ती चहाचे पेले आणून देतात आणि शेवटी रजिस्टरवर सही करतात. विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम लागू नाही. तेथे शिक्षक-पालक संघ असतो, आणि त्यात विद्यार्थी नसतात.

बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय संहितेचे १२ वे कलम मुलाला त्याच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि वयानुरूप त्याची दखल घेतली जाण्याचा हक्क देते. भारताने ही संहिता डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली आहे.

मत विचारण्याची योग्य रीत कोणती?

चिठ्ठी नाव न लिहिता घ्यावी आणि प्रश्न थोडे ठेवावेत: काय टोचते, काय पुरत नाही, काय बदलावे. मुलींना शिक्षिकांनी किंवा अंगणवाडी सेविकेने वेगळे विचारावे. नमुन्याचा गणवेश शिवून उंच, बुटक्या, बारीक आणि जाड अशा चार-पाच मुलांना एक दिवस पूर्ण घालू द्यावा, अगदी खेळाच्या तासासकट. मग त्यांना बोलते करावे. कापडाच्या दुकानातल्या गादीवर बसून रंग निवडण्यापेक्षा यात अधिक कळते.

मुले सांगतील ते सगळेच मान्य करायचे का?

मुळीच नाही. रंग बदला ही मागणी दर वर्षी येते आणि ती मान्य केली तर भुर्दंड पालकांवर पडतो. ती नाकारावी, पण कारण वर्गात सांगून नाकारावी. खिसा, गडद सलवार, पावसाळ्यात सँडल आणि बाहीची लांबी या मागण्यांना खर्च नगण्य आहे. बदल करायचा तर समितीचा ठराव जानेवारी-फेब्रुवारीत व्हावा, कारण दुकानदार कापडाची मागणी उन्हाळ्याआधी नोंदवतात आणि लग्नसराई सुरू झाली की शिंपी शाळेच्या कामाला हात लावत नाही. मापे मात्र त्याच वेळी घेऊन ठेवू नयेत. जूनपर्यंत मुले वाढलेली असतात, म्हणून कापड आधी घ्यावे आणि माप शाळा उघडल्यावर, पहिल्याच आठवड्यात घ्यावे.